चाक जमिनीवर ठेवणारं तेल

रस्त्याच्या कडेला उभी असलेली एखादी जुनी बुलेट बघा. पुढचा ब्रेक घट्ट धरा, हँडलवर अंगाचा भार टाकून ते खाली दाबा आणि सोडून द्या. गाडीचं नाक चार बोटं खाली जाईल आणि वर येईल. पुढचं चाक धरणारा फोर्क तब्येतीने असेल तर नाक एकदाच वर येऊन जागच्या जागी थांबतं. थकलेला असेल तर ते दोन-तीनदा हिंदकळतं, नाहीतर वर येताना मध्येच अडखळतं, नाहीतर पाईपवर तेलाचं ओलं कडं सोडून जातं.

एवढ्याशा हालचालीत पोलाद, स्प्रिंग, तेल, हवा आणि रबर अशा पाच गोष्टींना एकमेकांशी जुळवून घ्यावं लागतं. जुन्या मोटरसायकलचा फोर्क खोलून पुन्हा बांधताना हे पाचही जण एकेक करून हातात येतात, आणि प्रत्येकाकडे थक्क करणारं काहीतरी असतं. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या भारतीय बुलेटचा फोर्क मी त्यासाठी निवडला आहे, कारण तो साधा आहे, मजबूत आहे आणि माणसाने स्वतःच्या हाताने उलगडावा अशाच बेताने बनवलेला आहे.

चाकाला खाली ढकलावं लागतं

फोर्क कशासाठी असतो, असं विचारलं की ‘धक्के बसू नयेत म्हणून’ हे उत्तर हमखास येतं. ते खरंच आहे, पण आराम हे फोर्कच्या कामाचं उपफळ आहे. त्याचं मूळ काम पुढचं चाक जमिनीला टेकलेलं ठेवणं. हवेत उचललं गेलेलं चाक ब्रेक लावला तरी गाडी थांबवत नाही, आणि हँडल वळवलं तरी ती वळवत नाही. मोटरसायकलचा तोल, दिशा आणि थांबणं या तिन्ही गोष्टी टायर आणि डांबर यांच्या तळहाताएवढ्या स्पर्शावर अवलंबून असतात.

हा स्पर्श टिकवणं किती अवघड आहे, ते छोट्या हिशेबाने कळेल. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साधारण पावणेसतरा मीटर जाते. अर्धा मीटर रुंदीचा खड्डा ती सेकंदाच्या शंभरातल्या तीन भागांत ओलांडते. तेवढ्या वेळात फक्त गुरुत्वाकर्षणाने चाक किती खाली पडेल? साडेचार मिलिमीटरही नाही. म्हणजे चाक नुसतं वजनाने खाली जाईल अशी वाट बघत बसलो, तर खड्डा संपूनही जातो आणि चाक त्याच्या पलीकडच्या कडेवर आदळतं.

आता स्प्रिंग आणू. चाक आणि त्याच्यासोबत खाली-वर होणारे भाग मिळून 15 किलो धरू. त्यांच्या डोक्यावर गाडीचा आणि स्वाराचा 100 किलोंचा भार पेलणारी दबलेली स्प्रिंग आहे, असं मानू. खड्ड्याच्या तोंडाशी आल्याबरोबर ही स्प्रिंग चाकाला खाली लोटते. त्या क्षणी चाकाला मिळणारा वेग-वाढीचा दर गुरुत्वाकर्षणाच्या साडेसातपट होतो. साडेचार मिलिमीटरांच्या जागी हिशेब तीन सेंटिमीटरांच्या पुढे जातो. स्प्रिंग उलगडताना तिचा जोर कमी होतो, घर्षण आणि तेलही आड येतं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून लहान असतो. तरी तत्त्व स्पष्ट आहे. वरून येणारा धक्का झेलणं जितकं महत्त्वाचं, तितकंच चाकाला खाली पाठवणंही महत्त्वाचं आहे.

इथेच दुसरी अडचण सुरू होते. खाली पाठवलेलं चाक स्प्रिंगच्या जोरावर पुन्हा वर येतं, पुन्हा खाली जातं. एकट्या स्प्रिंगला थांबणं ठाऊक नसतं. घेतलेली ऊर्जा ती जवळजवळ जशीच्या तशी परत देते. ती ऊर्जा कुणीतरी तिच्याकडून काढून घ्यायला हवी.

कोरड्या घर्षणाकडून तेलाकडे

ती कुणी काढून घ्यायची, याचं उत्तर सापडायला मोटरसायकलला पुष्कळ काळ लागला. दुसऱ्या महायुद्धापर्यंत बहुतेक ब्रिटिश गाड्यांना ‘गर्डर’ फोर्क असे. पोलादी सांगाडा, त्याला हलते दुवे आणि मधोमध एक मोठी उघडी स्प्रिंग. हालचाल आवरण्यासाठी दुव्यांवर चकत्या दाबून बसवलेल्या असत आणि हाताने पिळायची एक मूठ त्या चकत्या कमीजास्त आवळत असे.

कोरड्या घर्षणाचा स्वभाव मात्र या कामाच्या नेमका उलटा. घर्षण सुरुवातीला सर्वांत हट्टी असतं. बारीक खडबडीवर चकत्या हलायलाच तयार नसत, त्यामुळे हात मुंग्या येऊन बधिर होत. मोठा खड्डा आला आणि एकदा चकत्या सरकल्या, की वेग कितीही वाढो, त्यांचा विरोध होता तेवढाच राहतो. जिथे सोडून द्यायचं तिथे अडवणूक आणि जिथे अडवायचं तिथे ढिलाई.

तेलाचं वागणं बरोबर याच्या उलट आहे. पिचकारीची दांडी सावकाश दाबली तर पाणी सहज बाहेर पडतं, झटक्याने दाबू गेलं तर दांडी जणू भिंतीला टेकते. छिद्रातून जाणाऱ्या द्रवाचा वेग दुप्पट झाला, की विरोध सुमारे चौपट होतो. हळू हालचालीला वाट, जलद हालचालीला अडसर. रस्त्याला हवा असलेला हाच स्वभाव तेलात जन्मतःच आहे.

एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची कल्पना जुनी आहे. यॉर्कशरच्या आल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी 1908 साली आपल्या मोटरसायकलला तसा फोर्क दिला होता, मात्र त्यात तेलाचा लगाम नव्हता. सरकत्या नळ्या आणि आत तेल असा फोर्क बीएमडब्ल्यूने 1935 मध्ये आर12 आणि आर17 या विक्रीच्या गाड्यांवर बसवला. महायुद्धात मॅचलेसच्या जी3/एल या लष्करी गाडीवर ब्रिटिशांनी तोच मार्ग धरला. रॉयल एन्फील्डची त्या काळातली, विमानातून छत्रीने उतरवायची 125 सीसीची ‘फ्लाइंग फ्ली’ मात्र पुढच्या चाकाला रबराच्या पट्ट्यांवर तोलत होती. तीच कंपनी 1949 मध्ये पुढे तेलाचा टेलिस्कोपिक, म्हणजे सरकत्या नळ्यांचा, फोर्क आणि मागे झुलता चिमटा असलेली 350 सीसीची बुलेट घेऊन आली. पाचेक वर्षांत केवढी मजल!

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय लष्कराने या बुलेट घेतल्या, 1955 मध्ये मद्रासमध्ये एन्फील्ड इंडिया उभी राहिली, आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात बुलेट बनू लागली. इंग्लंडमधल्या रेडिच या गावातला मूळ कारखाना 1967 मध्ये बंद पडला. त्यानंतर कित्येक दशकं बुलेटचा हा फोर्क आपल्याकडे घडत राहिला. म्हणूनच तो दुरुस्त करणारे हात आजही आपल्या शहरांत भेटतात. पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग मिळतात आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर हवा तो बुश, म्हणजे पाईपला सरकताना आधार देणारं कडं, कातून मिळतो.

खोलताना

काम सुरू करण्याआधी इंजिनाखाली भक्कम ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी करायचं. त्यामुळे स्प्रिंगवरचा भार उतरतो. मग चाक सोडवायचं. बुलेटच्या पुढच्या चाकाची दांडी दोन्ही बाजूंना अर्धगोल टोप्यांनी धरलेली असते. टोप्या काढताना कुठली कुठल्या बाजूची आणि तिचं तोंड कुठे होतं, यावर खूण करून ठेवावी, कारण त्या आपापल्या जागी घासून बसलेल्या असतात. जुन्या बुलेटचे आटे इंची असतात. मिलिमीटरचा पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून लावला, की नटाचे कोपरे गेलेच.

यानंतर तेल काढायचं, आणि या टप्प्यावर घाई करायची नाही. दोन्ही बाजूंचं तेल दोन वेगळ्या स्वच्छ भांड्यांत घ्या आणि उजेडात बघा. नवं तेल पारदर्शक असतं. जुनं करडं झालेलं असेल, तर बुश आणि पाईप एकमेकांना झिजवत आहेत. पिवळसर चमकणारे कण दिसले, तर ते काशाच्या बुशचे. चुंबकाला चिकटणारे कण असतील, तर पोलाद झिजतंय. दुधट रंग म्हणजे पाणी शिरलंय. एका बाजूला तेल कमी आणि दुसऱ्या बाजूला पुरेसं, असं निघालं, तर गाडी खड्ड्यांवर एका अंगाला का ओढायची ते समजतं. फोर्कने कित्येक वर्षं काय सोसलं, त्याची साक्ष या दोन वाट्यांमध्ये असते.

बुलेटचा मुख्य पाईप वर हेडलाईटभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या ओतीव घरात, म्हणजे कॅस्केटमध्ये, आट्यांनी बसतो. खाली ‘टी’मध्ये, म्हणजे दोन्ही पाईपांना जोडणाऱ्या आडव्या भागात, तो बोल्टने आवळलेला असतो. टीचा बोल्ट पूर्ण ढिला न करता पाईप पिळायला गेलो, तर ॲल्युमिनियमचे आटे दुखावतात. वर्षानुवर्षं न हललेल्या पाईपला गंज सोडवणारं तेल लावून एक रात्र द्यावी. खालची सरकती नळी, जिला मिस्तरी ‘बॉटम’ म्हणतात, ती सुटली की आतला दांडा, व्हॉल्व्हचे भाग, बुश, सील आणि स्प्रिंग ओळीने समोर येतात. ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ते एका स्वच्छ कापडावर मांडले, की फोर्कचं सगळं शरीरशास्त्र एका नजरेत दिसतं.

पिळली जाणारी तार

आधी स्प्रिंग. ती दबते तेव्हा तिच्यात नेमकं काय होतं? आपल्याला वाटतं तार वाकते. खरं तर तार स्वतःच्या अक्षाभोवती पिळली जाते. सरळ पोलादी दांडी एका टोकाला धरून दुसऱ्या टोकाला पिळली, तर ती पुन्हा मूळ जागी येते. तीच दांडी वेटोळी करून नळीत मावेल अशी केली, की झाली स्प्रिंग. गाडीचं वजन म्हणजे पोलादाच्या लांबलचक तारेत साठवलेला पीळ.

यातलं गणित फार तीव्र आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार फक्त 10 टक्के जाड घेतली, तर स्प्रिंग जवळजवळ 46 टक्के कडक होते. म्हणून ‘दिसायला तशीच’ असलेली दुसऱ्या गाडीची स्प्रिंग कधीही चालवून घेऊ नये. डोळ्याला न दिसणारा फरक रस्त्यावर हाताला कळतो.

जुनी स्प्रिंग ‘नरम झाली’ असं आपण म्हणतो, पण पोलादाचा ताठपणा वयाने फारसा बदलत नाही. बदलते ती लांबी. हजारो दणक्यांनंतर तार किंचित कायमची बसते आणि स्प्रिंग आखूड होते. गाडीचं नाक मग खाली येतं आणि खड्ड्यासाठी उरलेली चाल कमी होते. म्हणून दोन्ही स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या करून मोजायच्या आणि माहितीपुस्तकातल्या लांबीशी ताडून बघायच्या. एक आखूड निघाली तरी जोडी बदलायची, कारण दोन्ही बाजूंनी सारखाच भार उचलला पाहिजे.

पाईपची कातडी

फोर्कचा पाईप दोन कामं करतो आणि ती परस्परविरोधी आहेत. तो खांबासारखा ताठ उभा राहून चाकाला धरतो, आणि त्याच अंगावर बॉटमला अडथळ्याविना सरकू देतो. त्यातच तो तिरका बसवलेला असतो. खड्ड्याचा आणि ब्रेकचा जोर त्याच्या अक्षातून सरळ येत नाही, त्याला सतत मागे वाकवू बघतो. पाईप वाकलेला असेल तर बुश एका बाजूला रुततो आणि फोर्क अडखळतो.

सगळ्यात जास्त ताण टीच्या पकडीच्या अगदी खाली येतो आणि समोरून ठोकर बसलेल्या गाडीचा पाईप तिथेच वाकतो. डोळ्यांना तो सरळच दिसतो. तो दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून सावकाश फिरवायचा आणि वर डायल गेज टेकवायचा. गेजचा काटा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतचं सत्य सांगतो. थोडा बाक अनुभवी हात प्रेसवर काढू शकतात. पोलाद माघार घेतं, म्हणून त्याला सरळ रेषेच्या किंचित पलीकडे न्यावं लागतं, म्हणजे सोडल्यावर ते बरोबर रेषेवर येतं. घडी पडलेला किंवा चिरलेला पाईप मात्र टाकूनच द्यावा. त्यावर जीव सोपवायचा असतो.

मग पृष्ठभाग. सील ज्या पट्ट्यात सरकतं तिथे गंजाचा एक बारीक खड्डा असला, तरी प्रत्येक हालचालीला त्याची धार रबर कापते आणि त्यातून थेंबभर तेल बाहेर आणते. हाच खड्डा सीलच्या वाटेबाहेर, टीजवळ असेल, तर त्याने काही बिघडत नाही. बोटाचं नख पाईपवरून फिरवलं आणि ते कुठे अडलं, तर ती जागा खूण करून ठेवावी.

असा पाईप वाचवण्याची रीत म्हणजे हार्ड क्रोम. आधी जुना थर काढून पाईप गोल घासतात. मग क्रोमिक आम्लाच्या कुंडात वीज सोडून त्यावर क्रोमियम चढवतात. हा धातू अतिशय सावकाश बसतो, तासाला मिलिमीटरचे जेमतेम दोन-तीन शतांश. शेवटी ग्राइंडिंग करून पाईप नेमक्या मापाला आणतात. तयार झालेली ही कातडी तिच्याखालच्या पोलादापेक्षा कितीतरी कठीण असते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तिच्यात अतिसूक्ष्म भेगांचं जाळं दिसतं. या भेगा तेल धरून ठेवतात आणि कोरडं घासणं टाळतात. ज्या कुंडात हे घडतं त्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे. म्हणून हे काम धूर ओढून घेणारी आणि सांडपाणी शुद्ध करणारी नीट व्यवस्था असलेल्या ठिकाणीच करून घ्यावं. आपल्या पाईपच्या चकाकीची किंमत कुंडाशेजारी उभ्या असलेल्या कामगाराच्या फुप्फुसांनी चुकवू नये.

रबराचा ओठ

आता सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात विलक्षण भाग, ऑईलसील. पोलादी कड्यात रबर, रबराला एक पातळ ओठ आणि ओठाच्या मागे केसासारखी बारीक वर्तुळाकार स्प्रिंग. ही स्प्रिंग ओठाला पाईपभोवती सर्व बाजूंनी सारखं दाबून धरते. ओठ झिजला तर ती आकुंचन पावून त्याला पुन्हा पाईपवर टेकवते.

एकेकाळी हे काम चामडं करायचं. 1930 च्या दशकात जर्मनीत नायट्राइल रबर तयार झालं. साधं रबर तेलात फुगून मऊ पडतं, नायट्राइल टिकून राहतं. तेलाचा फोर्क घराघरांत पोहोचण्यामागे या रबराचा मोठा वाटा आहे.

सीलचं काम काय? तेल आत ठेवणं. पण त्याने पाईप पूर्ण कोरडा पुसला, तर ओठ जळून जाईल. म्हणून चांगलं सील पाईपवर तेलाचा एक अतिशय पातळ, डोळ्याला न दिसणारा थर सोडतं आणि परतीच्या हालचालीत तो पुन्हा आत ओढून घेतं. खाली-वर, हजारो किलोमीटर, दर वेळी. काही रुपयांच्या रबरी कड्याकडून एवढ्या बारकाईची अपेक्षा असते आणि ते ती पुरी करतं.

म्हणून ते बसवताना तितकीच काळजी घ्यावी. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे आतल्या दिशेला. ओठाला आधी ताजं तेल लावायचं. पाईपच्या आट्यांवरून सील सरकवायचं असेल, तर आट्यांवर पातळ प्लास्टिक गुंडाळायचं, नाहीतर पहिल्याच प्रवासात ओठ कापला जातो. सील त्याच्या घरात बसवताना हातोडीने एका बाजूला ठोकायचं नाही. सीलच्या बाहेरच्या व्यासाची नळी घेऊन ते चारी बाजूंनी सारखं आत दाबायचं. तिरकं बसलेलं सील नवं असूनही गळतं. जुनं सील उचकटताना स्क्रूड्रायव्हरने त्याच्या घराला ओरखडा पडला असेल, तर तेल रबराच्या बाहेरून वाट काढतं. आणि हो, पाईप खराब असताना नुसतं सील बदलणं म्हणजे गळतीला मुदतवाढ देणं.

तेलाची वाट

फोर्क दबतो तेव्हा खालच्या कप्प्यातली जागा कमी होते आणि तेलाला वरच्या बाजूला निघावं लागतं. वाटेत छिद्रं आणि एक छोटी सैल चकती असते. दबताना तेल चकतीला उचलतं आणि मोठी वाट मिळवतं. फोर्क उलगडू लागला की तेल उलट्या दिशेने येतं, चकती बसते आणि फक्त अरुंद फटी उरतात. म्हणजे चाकाला वर येताना मोकळीक आणि स्प्रिंगला परत उसळताना लगाम. एका सुट्या चकतीने, कुठल्याही तारेविना आणि विजेविना, फोर्कला दिशा कळते. या चकतीखाली अडकलेला एक कण सगळा स्वभाव बिघडवतो, म्हणूनच भाग रॉकेलने धुऊन, हवेने फुंकून, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायचे.

स्प्रिंगकडून काढून घेतलेल्या ऊर्जेचं शेवटी काय होतं? ती तेलात उष्णता होते. हिशेब करून बघू. पुढचा 100 किलोंचा भार एका दणक्यात 5 सेंटिमीटर खाली आला, तर साधारण 49 ज्यूल ऊर्जा सुटते. दोन्ही बाजू मिळून 400 मिलिलीटर तेल धरलं, तर या ऊर्जेने ते अंशाच्या चौदाव्या-पंधराव्या भागाने तापेल. एका दणक्याचा सगळा आकांत एवढ्याशा उष्णतेत विरून जातो! खराब रस्त्यावर असे दणके शेकड्यांनी बसतात, म्हणून लांबच्या प्रवासानंतर फोर्कच्या नळ्या हाताला कोमट लागतात. तो कोमटपणा म्हणजे तुमच्या मनगटापर्यंत न पोहोचलेला रस्ता.

म्हणून तेलाचा दाटपणा महत्त्वाचा. तेल दाट असेल तर दोन खड्ड्यांच्या मध्ये स्प्रिंगला उलगडायला वेळ मिळत नाही. पाठोपाठ खड्डे आले की फोर्क दर वेळी थोडा जास्त दबलेला राहतो आणि शेवटी तळाला आदळतो. ते पातळ असेल तर नाक हिंदकळत राहतं. तेल तापलं की पातळ होतं आणि जोरात ढवळलं गेलं की त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात. बुडबुडे दाबले जातात, तेल दाबलं जात नाही, त्यामुळे फेसाळलेल्या तेलाचा लगाम सुटतो. माहितीपुस्तकात दिलेला दर्जा घ्यावा, आणि मापही तेच.

माप का? कारण तेलाच्या वर उरलेली हवा हीदेखील एक स्प्रिंग आहे. बंद जागेतली हवा निम्म्या जागेत कोंबली, की तिचा दाब दुप्पट होतो. फोर्क जसजसा खोल दबतो तसतशी ही हवा झपाट्याने कडक होत जाते आणि पोलादी स्प्रिंगच्या मदतीला येते. ‘थोडं जास्त असू दे’ म्हणून तेल जादा ओतलं, तर हवेची जागा घटते, शेवटची चाल दगडासारखी होते आणि दाब सर्वांत कमकुवत जागा शोधतो. ती जागा म्हणजे आपण नुकतंच बसवलेलं सील. मापून ओतलेलं तेल, दोन्हीकडे सारखं, हे फोर्क बांधण्यातलं सर्वांत सोपं आणि सर्वांत जास्त वेळा चुकणारं काम आहे.

दोघांना एक करणं

सगळे भाग निर्दोष असले, तरी दोन बाजू एकमेकींना अचूक समांतर हव्यात. पाईप टीमध्ये बसवल्यावर त्या दोघांवर जाड सपाट काचेचा तुकडा आडवा टेकवून बघतात. काच चारी कोपऱ्यांनी टेकली तर दोन्ही पाईप एका प्रतलात आहेत. ती डुगडुगली तर टी पिळलेली आहे. इतकी साधी तपासणी आणि इतकं नेमकं उत्तर!

टी सुटी असतानाच हँडलचे बॉलरेसही बघून घ्यावेत. वर्षानुवर्षं चाक सरळ ठेवून खाल्लेल्या धक्क्यांनी गोळ्यांचे बारीक ठसे पट्ट्यात उमटतात आणि हँडल बरोबर मधोमध आलं की खटकन अडतं. सरळ रस्त्यावर गाडी डुलते त्याचा दोष पुष्कळदा निष्पाप फोर्कवर येतो.

मग जोडणीचा क्रम. चाक बसवायचं, पण दांडीच्या टोप्या आणि टीचे बोल्ट आधी फक्त हातानेच लावायचे. गाडी जमिनीवर घेऊन, ब्रेक धरून, हँडल चार-सहा वेळा खाली-वर दाबायचं. दोन्ही नळ्या आपापली सहज जागा शोधतात. त्या जागेवर त्या स्थिरावल्या की मगच नट आवळायचे. आधी आवळून मोकळे झालो, तर चुकीच्या अंतरावर धरलेल्या नळ्या कायम एकमेकींना ओढत राहतात आणि नवे बुश अकाली झिजतात. इथे कारागिराने जोर लावायचा नसतो, भागांना स्वतःची जागा सापडू द्यायची असते.

आजच्या कायद्यात पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, 2021 च्या नियमांनी तशी सोय केली आहे. त्या मापाने साठच्या दशकातल्या बुलेट केव्हाच व्हिंटेज झाल्या. त्यांच्या फोर्कच्या जागी आधुनिक गाडीचा फोर्क ठोकून बसवणारे लोक आहेत, आणि तो चालतोही. मला मात्र मूळ फोर्क बांधून घ्यावासा वाटतो, आणि त्याचं कारण आठवणींशी जोडलेलं नाही. या फोर्कमधला प्रत्येक भाग खोलता येतो, मोजता येतो, बदलता येतो. पाईप पुन्हा क्रोम होतो, बुश पुन्हा कातला जातो, सील बाजारात मिळतं, तेल कुणालाही ओतता येतं. झीज कुठे होणार हे ज्यांनी तो आखला त्यांना ठाऊक होतं, आणि झिजायचा मान त्यांनी मुद्दाम स्वस्त भागांना दिला. महाग पाईप वाचावा म्हणून मऊ बुश झिजतो, आणि बुश वाचावा म्हणून तेल मळतं.

म्हणून जुनी बुलेट असेल तर तिच्या फोर्कचं तेल गळू लागण्याची वाट बघू नका. तेल दिसतं ते संपत आल्यावर, मळतं मात्र कितीतरी आधी. वर्षातून एकदा ते बदला, बाहेर आलेलं तेल उजेडात धरून बघा आणि पाईपवरून नख फिरवा. एवढ्यानेच कळेल की पुढच्या खड्ड्यात तुमचं चाक जमिनीवर असेल की हवेत.